मेकॅनिक म्हणतो पिकअपचं इंजिन संपलं. ओव्हरहॉल करू, दुसरं इंजिन टाकू की गाडीच काढून टाकू?

तुमच्या प्रश्नात लक्षणं भरपूर आहेत, पण माप एकही नाही. वीस वर्षांची डिझेल पिकअप, सकाळी उशिरा सुरू होते, सुरू झाल्यावर पांढरा धूर सोडते, माल भरला की चढावर दम लागतो, ऑइल अधूनमधून भरावं लागतं आणि ऑइलचं झाकण उघडलं की आतून वाफ येते. एवढ्यावरून मेकॅनिकने इंजिन संपलं म्हणून सांगितलं. त्याचं बरोबरही असेल. पण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन होणारा दाब, किती आलं, ऑइल प्रेशर किती आहे, हे त्याने सांगितलं का? नसेल, तर अजून इंजिन खाली उतरवू नका. जुन्या मालवाहू गाड्यांची इंजिनं उघडण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. बाद म्हणून आलेल्या कितीतरी इंजिनांचं दुखणं इंजिनाच्या बाहेर निघतं.

आधी लक्षणं एकेक घेऊ. थंड इंजिन सुरू होताना येणारा आणि गरम झाल्यावर थांबणारा पांढरा धूर म्हणजे बहुतेक वेळा न जळलेलं डिझेल. त्याला हीटर प्लग गेलेले असणं, डिझेलच्या पाइपातून हवा ओढली जाणं किंवा सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं एखादं नोझल ठिबकणं पुरेसं असतं. कॉम्प्रेशन कमी असलं तरी असाच धूर येतो, म्हणून धूर पाहून निर्णय होत नाही. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर चालूच राहिला, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरमधलं कूलंट कमी होत गेलं, तर मात्र कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय. निळसर धूर ऑइलचा. माल भरल्यावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, टर्बोचा चिरलेला होज, उघडा अडकलेला ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, ही नेहमीची ठिकाणं. धूर न येता नुसता दम लागत असेल तर डिझेल फिल्टर आणि फीड पंप बघा. टाकीत गाळ साचला की जाळी चोंदते आणि नेमकी चढावरच गाडी मार खाते.

झाकणातून येणाऱ्या वाफेला लोक फार घाबरतात. थोडी वाफ प्रत्येक डिझेल इंजिनात येते, कारण पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली जातोच. झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा आणि इंजिन आयडलवर चालू द्या. ते जागेवर थरथरत राहिलं तर चालतं. उडून बाजूला पडलं तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांतून खाली निसटणारा गॅस, जास्त आहे. त्यातही आधी हा गॅस बाहेर काढणारा ब्रीदरचा पाइप चोंदलाय का ते पाहा. टर्बोचं सील गेलं तरी दाब क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, जातो आणि दोष रिंगांवर येतो.

इंजिन ठोकल्यासारखा आवाज करत असेल आणि पंप जुन्या यांत्रिक पद्धतीचा असेल, तर एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित ढिला करून बघायची जुनी रीत आहे. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज बदलतो, दोष त्या सिलिंडरमध्ये. पण कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनावर, हे कधीही करू नका. तिथे पाइपात हजार बारहून जास्त दाब असतो. ती धार कातडीतून आत शिरते आणि हात कापावा लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. कॉमन रेलला नोझलचं रिटर्न मोजतात: प्रत्येक नोझलच्या रिटर्नला एक बाटली लावायची, आणि जिच्यात इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमेल ते नोझल गळकं.

हे सगळं झालं, तरी दुखणं तसंच राहिलं, की कॉम्प्रेशन. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर इंजिन सावकाश फिरतं आणि आकडा खोटा येतो. चांगल्या डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार, म्हणजे ३५० ते ४५० पीएसआय मिळतं. पेट्रोलला १२० ते १८० पीएसआयच्या आसपास, आणि तिथे थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजायचं. तुमच्या इंजिनाची किमान मर्यादा त्याच्या मॅन्युअलमध्ये असते, तीच खरी धरा. पण एकट्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे शेजारी मांडून जास्त कळतं. चारही सारखेच उतरलेले असतील तर ती झीज, रिंगा आणि बोअरची, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या भोकाची. एकच पडला असेल तर तिथला व्हॉल्व्ह किंवा पिस्टन. शेजारशेजारचे दोन पडले असतील तर त्यांच्या मधल्या जागेत हेड गॅसकेट फुटलंय, आणि तिथे आख्खं इंजिन बदलायचं काहीच कारण नाही.

पेट्रोल इंजिनात चमचाभर ऑइल सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजतात. आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह. डिझेलला हा प्रयोग नको. त्यात पिस्टनच्या डोक्यावरची जागा इतकी लहान असते की ऑइलनेच आकडा फुगतो, आणि ऑइल जास्त पडलं तर रॉड वाकतो. त्याऐवजी लीकडाउन करा. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. ऑइलच्या तोंडातून सुसू आली तर रिंगा, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट किंवा तडा. गॅरेजमध्ये हा कंटाळवाणा प्रकार वाटतो म्हणून कुणी करत नाही. माझ्या मते सगळ्या चाचण्यांत यासारखी दुसरी नाही.

ऑइल प्रेशर डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून ठरवू नका, सेन्सर काढून तिथे यांत्रिक गेज लावा आणि इंजिन पूर्ण गरम करून बघा. दर १,००० आरपीएमला १० पीएसआय हा ढोबळ हिशेब जुन्या इंजिनांना बहुतेक लागू पडतो. शिवाय जुना ऑइल फिल्टर फेकायच्या आधी कापून त्याचा कागद उलगडा. तांबूस चकाकणारे कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर संपून तांबं उघडं पडलंय. हे दिसलं, की मग मेकॅनिकशी वाद नको, इंजिन उघडायलाच हवं.

ऑइल दुधासारखं झालं तरी लगेच हेडवर आळ घेऊ नका. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या झाकणाखाली पांढरा चिकट थर नुसत्या दवानेही जमतो. आणि प्रत्येक इंजिनाचं आपलं एक ठरलेलं दुखणं असतं. टोयोटाच्या जुन्या पिकअपमधलं २२आर-ई हे पेट्रोल इंजिन घ्या. त्यात टायमिंग चेनचे प्लास्टिकचे गाइड तुटतात, सैल चेन पुढच्या कव्हरला घासत राहते, शेवटी कव्हरला भोक पडतं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं. लोक हेड काढून बसतात आणि दोष असतो पुढे. मित्सुबिशीच्या ४डी५६ मध्ये बॅलन्स शाफ्टचा छोटा बेल्ट तुटून मुख्य टायमिंग बेल्टमध्ये अडकतो. कमिन्सच्या १२ व्हॉल्व्हच्या ५.९ लिटर इंजिनात गिअर केसमधली एक लहानशी पिन सुटून गिअरमध्ये पडू शकते. तुमचं मॉडेल तुम्ही लिहिलं नाही, पण त्याचं दुखणं आधी शोधून ठेवा, निम्मं निदान तिथेच होतं.

आता पैसे टाकायच्या आधी गाडीखाली झोपून चॅसिस बघा. पिकअपचं आयुष्य इंजिनावर कमी आणि चॅसिसवर जास्त अवलंबून असतं. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ आणि केबिनच्या मागे जिथे फ्रेम वाकते, तिथे हातोडीने ठोकून पाहा. पापुद्रे पडत असतील किंवा तडा असेल तर गाडी काढून टाका, चांगलं इंजिन त्यात वाया घालवू नका.

चॅसिस ठणठणीत आणि इंजिन खरंच संपलंय असं मापावरून ठरलं, तर माझा कल आपलंच इंजिन बांधून घेण्याकडे असतो. अट एकच, बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणारा माणूस मोजमाप करून काम करणारा हवा. बोअर किती झिजला, किती अंडाकृती झाला, हे डायल गेजने मोजून त्याने तुम्हाला सांगितलं पाहिजे, त्यावरून ०.२५ की ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन की नवे लायनर हे ठरतं. क्रँकच्या बेअरिंगचंही तसंच. हेडला दाब देऊन तडा तपासल्याशिवाय ते परत बसवू देऊ नका. ‘नुसत्या रिंगा टाकून देतो’ असं कुणी म्हटलं तर तिथून निघा. अंडाकृती बोअरमध्ये नव्या गोल रिंगा बसत नाहीत, काही महिन्यांत ऑइल पुन्हा जळायला लागतं आणि मजुरी दोनदा जाते.

ब्लॉकला तडा असेल, रॉड बाहेर आला असेल किंवा गाडी उभी ठेवणं परवडत नसेल, तर वापरलेलं इंजिन. ते घेताना क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरतो का बघा. टॅपेट कव्हर उघडून आत काळा चिखल आहे का, थर्मोस्टॅटच्या तोंडाशी गंज आहे का, हे पाहा. जमिनीवर ठेवून स्टार्टरने फिरवून कॉम्प्रेशन मोजता येतं, विकणारा नाही म्हणाला तर त्याला काहीतरी माहीत आहे. आणि एक गोष्ट फसवते: तेच इंजिन व्हॅनमध्ये, जीपमध्ये आणि पिकअपमध्ये वेगळ्या अंगाने बसवलेलं असतं. ऑइल चेंबरचा, म्हणजे तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, खोलगट भाग एकात पुढे, एकात मागे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचा डिफरन्शियल असल्यामुळे चेंबर आणि ऑइल ओढणारी नळी दोन्ही वेगळ्या येतात. म्हणून नवं इंजिन घरी आलं म्हणून जुनं लगेच भंगारात देऊ नका. चेंबर, माउंटिंगचे ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, पुली हे सगळं त्यावरूनच घ्यावं लागतं. इलेक्ट्रॉनिक पंपाचं इंजिन असेल तर वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जुळतात का हे आधी विचारा. गाडीच्या कागदांवर इंजिन नंबर असेल तर बदलाची नोंदही करून घ्यावी लागेल.

इथे सगळ्यात महत्त्वाचं. जुनं इंजिन कशाने मेलं हे कळेपर्यंत दुसरं बसवू नका. गरम होऊन गेलं असेल आणि रेडिएटर तोच चोंदलेला राहिला, तर दुसरंही त्याच वाटेने जाईल. बेअरिंग जाऊन गेलं असेल तर त्याचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि टर्बोच्या ऑइल पाइपात बसलेला असतो. कूलर धुऊन पूर्ण स्वच्छ होत नाही, बदलून टाका. टर्बो फुटून गेलं असेल तर इंटरकूलर काढून पालथा करा, त्यातून ऑइल निघेल. ते तसंच ठेवून नवं इंजिन सुरू केलं तर ते स्वतःच त्या ऑइलवर धावायला लागतं, चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवा बंद करणं हाच उपाय. पहिल्यांदा सुरू करताना इनटेकच्या तोंडावर दाबून धरायला एक जाड फळी हाताशी ठेवा. हाताने तोंड झाकायला जाऊ नका.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील बदलून घ्या, कारण नंतर त्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि माउंटिंग रबरही याच वेळी. ऑटोमॅटिक गाडी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत बसलाय, मोकळा फिरतोय, हे बघूनच बेल हाउसिंगचे बोल्ट आवळा. बोल्टने ओढून बसवला तर पंप फुटतो. इंजिन आणि चॅसिसमधली अर्थची पट्टी हमखास विसरली जाते. मग स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जातो आणि केबल जळते, आणि मालक म्हणतो नव्या इंजिनातच खोट आहे.

सुरू करण्याआधी डिझेल तोडून, गेजवर ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टरने थांबत थांबत फिरवा. टर्बोच्या ऑइलच्या तोंडात थोडं ऑइल हाताने भरा. डिझेलची आणि कूलंटची एअर काढा. ओव्हरहॉल केलेलं इंजिन तासन्‌तास आयडलवर ठेवायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे, ती सोडा. रिंगा बसायला मध्यम लोड आणि कमीजास्त होणारा वेग लागतो. पूर्ण माल लगेच भरू नका. हेड बोल्ट जुन्या पद्धतीचे असतील आणि मॅन्युअल सांगत असेल तर एकदा गरम होऊन गार झाल्यावर पुन्हा टॉर्क द्या. कोनात आवळायच्या ताणाच्या बोल्टना मात्र नंतर हात लावायचा नाही. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरच्या आसपास काढा आणि तो फिल्टरही कापून बघा. राखाडी, पिठासारखी चमक नव्या रिंगांची असते, ती चालेल. तांबूस कण किंवा नखाला जाणवतील असे तुकडे दिसले, तर गाडी तिथेच उभी करून चेंबर उघडा.