आरोग्यसेवेचा सिस्टिम मॅप (कशाचा कशावर परिणाम होतो हे बाणांनी दाखवणारा नकाशा) काढायला सुरुवात कुठून करायची?

'आरोग्यसेवा' हा विषय घेऊन बसू नका, नकाशाचं जाळं होतं. एकच प्रश्न घ्या: ग्रामीण रुग्णालयातून बाळंतपणाला आलेल्या बायका जिल्हा रुग्णालयात का पाठवल्या जातात?

चिठ्ठ्यांवर १५-२० घटक लिहा. प्रत्येक घटक कमी-जास्त होणारा हवा. 'भूलतज्ज्ञ नाही' असं नको, 'भूलतज्ज्ञाची उपलब्धता' असं. मग बाण. एक वाढल्यावर दुसरा वाढत असेल तर अधिक, घटत असेल तर उणे.

उदाहरणार्थ: भूलतज्ज्ञाची उपलब्धता → (अधिक) तिथेच होणारी सिझेरियन → (उणे) रेफरल, म्हणजे जिल्हा रुग्णालयात पाठवणं → (उणे) लोकांचा विश्वास → (अधिक) तिथली बाळंतपणं → (अधिक) पद भरण्याची निकड → (अधिक) पुन्हा उपलब्धता. वर्तुळातले उणे मोजा. सम आले, इथे दोन, तर चक्र स्वतःलाच वाढवतं: पद रिकामं राहिलं की घसरण सुरूच. विषम आले तर ते तोल सावरतं. पद भरायला महिने लागतात, त्या बाणावर दोन आडव्या रेघा मारा; हा उशीर विसरला की उपाय फसला असं लवकर वाटतं.

नकाशा फक्त डॉक्टरांकडून काढून घेऊ नका. आशाताई, प्रसूतिकक्षातल्या सिस्टर आणि १०८ चा चालक हवेतच. नंतर प्रसूती नोंदवही आणि रेफरल चिठ्ठ्यांशी प्रत्येक बाण ताडून पाहा. पुरावा नसलेला बाण तुटक रेघेने काढा.