‘मंदज्वलनशील’, ‘सौम्य’ की ‘सावकाश जळणारी’ दारू?

प्रश्न : रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांची काडतुसे पुन्हा भरण्याविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘स्लो बर्निंग पावडर’ला ‘मंदज्वलनशील दारू’ म्हणावे का? ‘सौम्य दारू’ चालेल का? आणि ‘रीलोडिंग’ला काय म्हणावे?

उत्तर : ‘सावकाश जळणारी दारू’ असे सरळ लिहावे. शब्द लांब आहे, पण बाकीचे दोन्ही वाचकाला चुकीच्या वाटेने नेतात आणि या विषयात ती वाट धोक्याची आहे.

‘ज्वलनशील’ म्हणजे पेट घेणारे. त्यामुळे ‘मंदज्वलनशील’ वाचले की ‘सहजासहजी न पेटणारी दारू’ हाच अर्थ मनात येतो. इथे प्रश्न पेटण्याचा नसून पेटल्यावर किती वेगाने जळते याचा आहे. या दारूपैकी काही प्रकारांना पेटायला जास्त उष्ण ज्वाळा देणारा, म्हणजे मॅग्नम प्रायमर (प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) लागतो हे खरे. पण तो गुण वेगळा आणि तो वेगळा सांगावा.

‘सौम्य’ मात्र मुळीच नको. सावकाश जळणारी दारू कमी जोराची नसते. ती वजनाने जास्त भरता येते आणि गोळी नळीतून पुढे सरकत असताना मागून दाब टिकवून धरते. म्हणूनच .३५७ मॅग्नम किंवा .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसांमध्ये जड गोळीला सर्वांत जास्त वेग देण्यासाठी हीच दारू निवडतात. बिनधुराच्या दारूचा दाणा मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि तो पृष्ठभागाकडून आत, थराथराने जळतो. पातळ पापुद्र्यासारखा दाणा पटकन संपतो. दाणा जाड असला, किंवा त्यावर ज्वलन रोखणारा लेप असला, तर तो वेळ घेतो. यात दाबाचा वाटा मोठा असतो : दाब चढला की ज्वलन वेग घेते, दाब चढलाच नाही तर ज्वलन रेंगाळते.

‘सौम्य’वर माझा एवढा आक्षेप आहे तो याचमुळे. तो शब्द वाचून कोणालाही वाटेल, आणखी थोडी कमी भरली तर आणखी सुरक्षित. बहुतेक दारूंच्या बाबतीत कमाल मापाच्या सुमारे १० टक्के खालून सुरुवात करायची पद्धत आहे. पण एच-११० नावाची सावकाश जळणारी दारू (विंचेस्टर २९६ म्हणून विकली जाणारी दारू तीच) छापील मापातून ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नये, असे उत्पादकच बजावतो. कमी भरली, किंवा पुंगळीचे, म्हणजे काडतुसाच्या आवरणाचे, तोंड गोळीभोवती घट्ट आवळले नाही, तर दाब तयार होण्याआधीच गोळी सुटते आणि दारू अर्धवट जळते. कधी गोळी नळीतच अडकते. यालाच इंग्रजीत ‘स्क्विब’ म्हणतात आणि त्यासाठी आपल्याकडे ‘फुसका बार’ हा नेमका शब्द तयार आहे. तो आपण आता बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. इथे तो मूळ अर्थाने परत वापरता येतो. आवाज दबका आला की तिथेच थांबावे, शस्त्र रिकामे करावे आणि नळी मोकळी असल्याची खात्री करावी. अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते.

अर्धवट ज्वलनाची खूण डोळ्यांना दिसते. नळीत आणि रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये बारीक, पिवळट दाणे उरतात. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली त्यातले दोन-चार जरी शिरले, तरी सिलिंडर नीट बंद होत नाही. आखूड नळीत तर माप बरोबर असूनही बरीच दारू तोंडाबाहेर जळते. मोठा भपका आणि मोठा आवाज होतो, वेग मात्र त्या मानाने मिळत नाही. ९ मिमीच्या लहान पुंगळीत अशी दारू पुरेशी मावतच नाही, त्यामुळे पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पूर्ण मागे जात नाही.

आणखी एक : ‘सावकाश’ हे सापेक्ष आहे. हँडगनच्या, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांच्या, दारूंमध्ये एच-११० सावकाश गणली जाते. रायफलच्या दारूंशेजारी ठेवली तर तीच जलद ठरते. म्हणून भाषांतरात ‘हँडगनसाठी सावकाश’ असा संदर्भ जोडावा. ज्वलनवेगाच्या तक्त्यांत फक्त क्रम असतो, दोन नावांमधले अंतर नसते; त्यावरून एका दारूचे माप दुसरीला लावता येत नाही.

‘रीलोडिंग’ला ‘काडतूस भरणे’ म्हटले तर पिस्तुलात काडतूस घालणे असा अर्थ निघतो. ‘पुंगळी पुन्हा भरणे’ म्हणा, संदिग्धता संपते. रिकाम्या आवरणाला पुंगळी, पुढच्या धातूच्या तुकड्याला गोळी आणि सगळे मिळून काडतूस, हा भेद शेवटपर्यंत पाळावा. बातम्यांत ‘गोळी’ काडतुसासाठीही येते, इथे ते चालणार नाही. गोळीचे वजन आणि काडतुसाचे वजन एकच समजले गेले तर मापांचा पूर्ण तक्ता निरुपयोगी होतो.

‘ग्रेन’चे भाषांतर करूच नका. हे वजनाचे एकक आहे, दारूचा दाणा नव्हे. १ ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. मुद्रणात ‘ग्रेन’चा ‘ग्रॅम’ झाला तर माप १५ पटींहून जास्त होते, म्हणून मुद्रिते तपासताना प्रत्येक आकड्यापुढचे एकक मूळ मजकुराशी ताडून पाहावे.