'चयापचय'मध्ये पचन कुठे आहे?

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न: "जंतूंकडून इंधन आणि रसायनं तयार करून घेतात, त्यावर मुलांसाठी टिपण लिहितेय. 'मेटाबोलिक इंजिनिअरिंग'ला 'चयापचय अभियांत्रिकी' म्हणतात, पण चयापचय म्हणजे पचनच ना? मग सरळ 'आंबवणे' का नको? आणि 'सिस्टिम्स बायॉलॉजी'ला काय लिहू?"

बाई, पचनाचा इथे संबंध नाही. 'अपचन' पच् धातूवरून आलं, 'अपचय' चि धातूवरून. चि म्हणजे गोळा करणं, रचणं, 'संचय' त्यातलाच. 'चयापचय' म्हणजे चय अधिक अपचय: चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. 'मेटाबोलिझम'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'बदल'. आपला शब्द जास्त सांगतो.

एप्रिलमध्ये काजूफेणीच्या भट्टीवर आंबत ठेवलेल्या बोंडांच्या रसाच्या पिंपात डोकावून बघा. वर फेस फसफसतोय. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे ६ अणू. त्यांतले ४ अल्कोहोलात जातात, २ कार्बन डायऑक्साइड होऊन त्या फेसातून उडतात. हा अपचय. तळाच्या साक्यात यीस्टच्या पेशी असतात. त्याच साखरेतल्या थोडक्या वाट्यावर त्यांनी आपली प्रजा वाढवली, तो चय. भट्टीवाल्याला अल्कोहोल हवं, यीस्टला वंश. ओढाताण आहे ती इथेच.

'आंबवणे' पिंपापर्यंत ठीक. पण २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जेम्स लियाओ यांच्या गटाने ई. कोलाय जिवाणूची व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवण्याची वाट मध्येच वळवून आयसोब्युटेनॉल हे इंधन काढलं. व्हॅलिन प्रथिनं रचायला लागतं. म्हणजे ही वाट चयाची. तिला आंबवणं म्हटलं तर खरी गंमतच हरवते.

'सिस्टिम्स बायॉलॉजी'ला 'प्रणाली जीवशास्त्र' लिहा. कानाला जरा सरकारी लागतं, पण रूढ आहे. हवेविना वाढणाऱ्या यीस्टची अल्कोहोलची वाट बंद केली, तर साखर आपोआप आपल्याला हव्या त्या रसायनाकडे वळत नाही. ती मोडताना निघालेले इलेक्ट्रॉन उतरवायला जागा उरत नाही आणि सगळंच तुंबतं. म्हणून एकेका जनुकावर न थांबता शेकडो अभिक्रियांचा जमाखर्च संगणकावर एकत्र मांडतात, तेच प्रणाली जीवशास्त्र. यीस्टचा संपूर्ण जनुकक्रम १९९६ मध्ये हाती आल्यावर हे जमू लागलं.

आणि हो, 'चयपचय' लिहू नका. मधला 'अ' गेला की मोडण्याची बाजू पुसली जाते आणि पचन पुन्हा येऊन बसतं.