घर नवं असलं तरी तपासून घ्या, भाऊ

तुम्ही विचारलंय, लातूरहून डॅलसला आल्यावर लवकरच घर घ्यायचंय, एजंट म्हणतो घर नवं कोरं आहे, तर तपासणीवर चार-पाचशे डॉलर घालवावेत का. व्हिसाचं, कर्जाचं सरकारी पानांवर सापडेल, ते मी लिहीत नाही. तपासणी मात्र कराच.

आधी माती बघा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हे लातूरच्या माणसाला सांगायला नको. डॅलसच्या बऱ्याच भागाखाली तसलीच चिकणमाती आहे आणि बहुतेक घरं थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर उभी असतात. एक बाजू सुकली आणि दुसरी ओली राहिली की स्लॅब हलतो. मग दारं चौकटीत अडकतात, विटांत पायऱ्या-पायऱ्यांची चीर जाते. म्हणून इथं उन्हाळ्यात घराच्या कडेनं पाझरणारा पाइप टाकून जमीन ओली ठेवतात. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी ज्या लातूरनं प्यालं, तिथल्या मला पायाला असं पाणी पाजणं अजून बघवत नाही.

डॅलस टेक्सास राज्यात येतं, आणि तिथं घर तपासणाऱ्या तपासनिसाला राज्याचं लायसन्स लागतं. तो छप्पर आणि माळा बघतो, वायरिंगचं पॅनेल उघडतो, एसी, हीटर, गीझर, नळ चालवून बघतो. अहवालात प्रत्येक गोष्टीपुढं खूण असते: तपासली, तपासली नाही, घरात नाही किंवा दोष आहे. घर पास की नापास हे तो सांगत नाही, किंमतही ठरवत नाही. भिंतीच्या आतलं त्याला दिसत नाही. वाळवीची आणि स्लॅबखालच्या पाइपांची तपासणी वेगळी सांगावी लागते. चिरा मोठ्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. जुन्या घराच्या करारात थोडी रक्कम भरून काही दिवसांची मुदत घेता येते, तेवढ्यात कुठल्याही कारणानं मागं फिरता येतं. तपासणी त्याच मुदतीत उरका. नव्या घराचा करार बिल्डरचा असतो, त्यात अशी मुदत आहे का ते सहीआधी वाचा. नवं घर स्लॅब ओतण्याआधी आणि भिंतींवर आतून बोर्ड ठोकण्याआधी बघता आलं तर फार बरं, कारण पुढं ते सगळं झाकलं जातं. नगरपालिकेचा माणूस बघून जातो, पण तो किमान नियमांपुरता. आणि एजंटला पैसे सौदा झाल्यावर मिळतात, तेव्हा तपासनीस तुमचा तुम्ही शोधा.

मी एवढं ताणून का सांगते? माझं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड धाबं; हजारो माणसं आपल्याच घराखाली गेली. आमचं घर उभं राहिलं, पण आई पुढं कितीतरी महिने आत झोपली नाही. आजही मी कुणाच्याही घरी गेले की आधी छताचे कोपरे बघते. हे मी इथं कुणाला बोलले नव्हते.

गावाकडं घर घ्यायचं म्हटलं की न विचारता चार माणसं सांगतात, इथं आड होता, ही भिंत एकदा बसलीय, भावकीत वाद आहे. इथं शेजारी हात हलवतो आणि आत जातो. आमच्या तपासनिसानं मला माळ्यावर नेऊन गळतीचा डाग दाखवला, तेव्हा या देशात आपल्या बाजूनं खरं बोलणारं कुणीतरी भेटलं असं वाटलं. पैसे देऊन का होईना.

शाळेचं तर बोलूच नये असं वाटतं, पण बोलते. इथं घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते, म्हणून घर शाळेची हद्द बघून घेतलं. प्रवेशाच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात, आम्ही मराठी लिहिली. लातूरला इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या लेकीची परीक्षा घेतली आणि तिला इंग्रजी शिकणाऱ्यांत बसवलं. बडबडं लेकरू गप्प झालं. पालकाला नाही म्हणता येतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तो राग अजून गेला नाही. तुम्ही फॉर्मवर मराठीच लिहा, पण लेकराला त्या वर्गात बसवायच्या संमतीवर सही करण्याआधी परीक्षेचा निकाल मागून वाचा.

करमेल का, असंही विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग कामं इतकी असतात की दिवस सरतो.

तपासणीच्या दिवशी दोघंही जा, वहिनींना घरी ठेवू नका. काही तास लागतात. त्याच्या मागं-मागं फिरा, प्रत्येक दार उघडून-लावून बघा, आणि अहवाल आला की दोषाच्या खुणांवर त्याला फोन करून एकेक विचारा.