चुकलं की सगळंच मोडून टाकतो

"मॅडम, जरा काही बिनसलं की हा सगळंच मोडून टाकतो." चित्र असो, गणित असो की लेगो, आईवडलांची ही तक्रार मी वरचेवर ऐकते.

सहावीतल्या एका मुलाला लेगोच्या विटांतून मध्ययुगीन युरोपातलं घर बांधायचा ध्यास होता. तपकिरी खांब-तुळया, पांढऱ्या भिंती, रस्त्यावर पुढे आलेला वरचा मजला. हा मजला निखळायचा आणि रागाच्या भरात तळमजलाही जमीनदोस्त व्हायचा. "मी करून देऊ का म्हटलं तर आणखीच चिडतो," आई म्हणाली.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. चूक जेवढी त्रास देत नाही, तेवढा 'बिनचूकच झालं पाहिजे' हा हट्ट देतो. पण मुलाला हे सांगून पटत नाही, त्याच्या हातातल्या कामातच ते दिसावं लागतं.

मी त्याला जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गचे फोटो दाखवले. तिथे लाकडी सांगाड्याची अशी हजाराहून अधिक घरं आजही उभी आहेत.

"ही तर वाकडी आहेत!"

"तरी उभी आहेत. भार कोण पेलतं?"

"लाकूड."

"आणि लाकडांच्या मधल्या भिंती नुसत्या काटक्यांच्या विणीवर मातीचं लिंपण. त्यातला एक तुकडा पडला तर?"

तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. "तेवढाच परत लिंपायचा. घर कशाला पाडायचं?"

मी एक शब्दही जोडला नाही. अशा वेळी गप्प राहणं हेच माझं खरं काम, असं मी मानते. त्याने आपणहून मजला उचलून पाहिला. बाहेर आलेल्या पट्ट्या आत जेमतेम एका रांगेत अडकल्या होत्या. त्याने लांब पट्ट्या घेतल्या, त्या आत खोलवर नेल्या आणि वरून भिंतीने दाबल्या. मजला टिकला. पुढच्या भेटीत आई सांगत होती, गणितात चुकलेली ओळ खोडून तो तिथूनच पुढे गेला, पान फाडलं नाही.

पालकांनो, मोडतोड झाली की "किती छान होतं रे" म्हणून हळहळू नका, "शाबूत काय आहे?" एवढंच विचारा. विटा तुम्ही लावू नका. "हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "कुठे निखळतंय ते तू शोधलंस" म्हणा. अर्धवट बांधकाम झोपण्याआधी आवरायला लावू नका. स्वतःची पोळी करपल्यावर तुम्ही काय बोलता, तेही मूल ऐकत असतं. मात्र रागात ते स्वतःला मारून घेत असेल, तर वाट न पाहता तज्ज्ञांना भेटा.