तंत्रज्ञानामुळे शहरातील माणूस निसर्गावर अवलंबून राहिलेला नाही, हे खरे आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, मुंबईसारख्या शहरात पाणी नळाला येते, वीज बटणावर येते आणि हवामान मोबाइलच्या पडद्यावर दिसते. मग निसर्गाशी आपला संबंध केवळ सहलीपुरता उरला आहे, असे म्हणता येईल का? माझे उत्तर नकारार्थी आहे. आपले अवलंबित्व पूर्वीइतकेच आहे, किंबहुना वाढले आहे. त्याचा दोर मात्र इतका लांब झाला आहे की त्याचे दुसरे टोक आपल्याला दिसेनासे झाले आहे. मी हे केवळ पाण्यापुरते सांगणार आहे, कारण मुलुंडमधील आमच्या सात मजली इमारतीचा मानद सचिव म्हणून गेली अकरा वर्षे माझा सर्वाधिक वेळ पाण्यातच गेला आहे. विजेविषयी किंवा वाहतुकीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझे बालपण गिरगावातील एका चाळीत गेले. पहाटे साडेचारला नळाला पाणी येई आणि साडेसहाला जाई. तेवढ्या वेळात पिंप, हंडे, कळशा आणि मोरीतील तांब्याचा बंब भरून घ्यायचा, हा घराचा पहिला उद्योग असे. चाळीच्या मागे एक विहीरही होती, पण तिच्यावर लोखंडी जाळी ठोकलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाचे डास विहिरींत वाढतात हे लक्षात आल्यावर मुंबईतील असंख्य विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या, हे मला पुढे वाचून समजले. लहानपणी आम्ही ती जाळी भुताखेतांसाठी आहे असे समजत होतो. काही विहिरी श्रद्धेच्या बळावर वाचल्या. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर त्यांपैकी एक असून तिचे पाणी आजही गोड आहे. ही हकिकत सांगण्याचे कारण असे की, पाणी पायाखाली असताना माणूस त्याच्याकडे वाकून पाहत असे. पाणी शंभर किलोमीटर दूर गेले, तेव्हा ते पाहण्याचे काम वर्तमानपत्रावर सोपवले गेले.

आता त्या दूरच्या टोकाकडे वळतो. मुंबईला सात तलाव पाणी पुरवतात. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन शहराच्या हद्दीत, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात आहेत आणि आज त्यांचा वाटा नगण्य आहे. तानसा १८९२ मध्ये बांधून झाला. त्यानंतर वैतरणा नदीवर शहर अभियंता मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा मोडक सागर (१९५७), इगतपुरी तालुक्यातील अप्पर वैतरणा (१९७३), मग भातसा आणि शेवटी २०१४ मध्ये पूर्ण झालेले मध्य वैतरणा धरण, असा हा प्रवास उत्तरेकडे आणि घाटाकडे सरकत गेला. शहर वाढले की एक नदी कमी पडते, म्हणून पुढची नदी शोधायची, हाच त्यामागचा सरळ हिशेब आहे. सातही तलाव काठोकाठ भरले तर सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी साठते, आणि त्यातील जवळपास निम्मे एकट्या भातसाचे असते. शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते. भागाकार केला तर उत्तर वर्षभराच्या किंचित वर येते. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत कसेबसे पोहोचवणारी ही शिदोरी आहे. बाष्पीभवन आणि गळती हिशेबात धरली तर ती तेवढीही पुरत नाही.

या व्यवस्थेचे मला सर्वांत मोठे कौतुक वाटते ते उताराचे. तानसा आणि वैतरणा या बाजूचे पाणी मुख्यतः गुरुत्वाकर्षणानेच भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत येते. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी ज्या युक्तीने पाणी आणले, तीच आजही चालू आहे. बदलल्या त्या नळ्या. जमिनीवरच्या प्रचंड जलवाहिन्या गळतात, त्यांना भोके पाडली जातात आणि त्यांना खेटून वस्त्या उभ्या राहतात, म्हणून आता खडकातून बोगदे खोदले जातात. भिवंडी तालुक्यातील गुंदवलीपासून भांडुपपर्यंतचा सुमारे १५ किलोमीटरचा बोगदा जमिनीखाली शंभर मीटरच्या आसपास आहे. भातसाचे पाणी मात्र नदीतून वाहत खाली येते, पिसे येथे उपसले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. त्यामुळे पिसे येथील वीज गेली की दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीत फोन खणखणू लागतात.

इतके सगळे झाल्यावर शेवटचा टप्पा हाताने पार पडतो, हे ऐकून आपणांस कदाचित आश्चर्य वाटेल. शहरात सगळीकडे एकाच वेळी पाणी सोडण्याइतका दाब नसतो. म्हणून विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभागाची वेळ ठरलेली आहे. महापालिकेचा कर्मचारी गाडीतून येतो, रस्त्यावरचे झाकण उचलतो, लांब लोखंडी चावी खाली घालतो आणि मोजून तेवढे फेरे फिरवून व्हॉल्व्ह उघडतो. त्याला सगळे चावीवाला म्हणतात. कोणत्या व्हॉल्व्हला किती फेरे दिले की टेकडीवरच्या शेवटच्या इमारतीपर्यंत पाणी चढेल, हे ज्ञान बरेचसे त्याच्या मनगटात असते. आकड्यांवर माझा विश्वास आहे, पण मनगटावर त्याहून थोडा अधिक बसला आहे, आणि तो कसा बसला तेही सांगतो.

आमच्या इमारतीत खाली एक भूमिगत टाकी आणि गच्चीवर एक टाकी आहे. पूर्वी पहारेकरी पंप चालू-बंद करीत असे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. नळातून आधी हवा येते, मग फसफस, मग पाणी. त्या आवाजावरून ते आज पाणी किती वेळ टिकेल याचा अंदाज बांधत आणि तो क्वचितच चुकत असे. मग आमच्या सर्वसाधारण सभेने स्वयंचलित यंत्रणा बसवण्याचा ठराव केला. दोन्ही टाक्यांत सेन्सर बसले, पंप आपोआप चालू होऊ लागला आणि माझ्या मोबाइलवर टाकीची पातळी टक्क्यांत दिसू लागली. मला ते टक्के पाहण्याची सवय लागली. मी मामांना विचारणे थांबवले, हे मान्य करायला हवे.

जून २०२४ मध्ये तलावांतील साठा दहा टक्क्यांच्याही खाली गेला आणि शहरात १० टक्के पाणीकपात लागू झाली. आदल्याही वर्षी, जुलै २०२३ मध्ये, तशीच कपात झाली होती. कागदावर १० टक्के म्हणजे फारसे काही वाटत नाही, परंतु रांगेच्या टोकाला असलेल्या इमारतीला ते १० टक्के राहत नाहीत. दाब कमी झाला की शेवटची वीस मिनिटे पाणी चढतच नाही. एका रात्री मामा मला म्हणाले, "साहेब, आज नळाचा आवाज बरोबर नाही. पंप बंद ठेवू का?" मी मोबाइल पाहिला. खालची टाकी ६० टक्के भरलेली दिसत होती. मी त्यांना निश्चिंत राहायला सांगितले. प्रत्यक्षात खालच्या सेन्सरवर गाळाचा थर बसलेला होता आणि तो आठवडाभर तोच आकडा दाखवत होता. पंप रात्रभर कोरडा चालला, मोटार जळली आणि तीन दिवस आम्ही टँकरच्या पाण्यावर काढले. मामांनी नंतर एका शब्दानेही टोचले नाही, त्यामुळे मला अधिकच लागले.

त्या तीन दिवसांत त्यांच्याशी निवांत बोलणे झाले. ते शहापूर तालुक्यातील एका पाड्यावरचे. कसारा मार्गावरील लोकलने येतात. तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय याच तालुक्यात आहेत. त्यांच्या पाड्यावर मे महिन्यात टँकर येतो. विहिरीचा तळ दिसू लागला की बायका हंडे घेऊन उतरतात आणि वाटीने पाणी भरतात. शहापूरची ही स्थिती नवी नाही, दर उन्हाळ्यात तिच्या बातम्या छापून येतात आणि मीही त्या वाचल्या होत्या. परंतु ज्यांच्या हातात मी इमारतीच्या पंपाची किल्ली दिली होती, त्यांच्या घरी टँकर येतो, ही गोष्ट मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. मोठा जलाशय शेजारी असला म्हणून पाड्याला पाणी मिळत नाही. त्यासाठी पंप, टाकी, नळ आणि वीजबिल भरणारा कोणी लागतो. डोंगरावरच्या पाड्यासाठी ते उभे राहिले नाही आणि शंभर किलोमीटरवरच्या शहरासाठी बोगदे झाले. ही निवड माणसांनी केली. तंत्रज्ञान दोन्हीकडे तेच उपलब्ध होते.

आता पाऊस शहरात पडतो तेव्हा काय होते, तेही पाहू. येथे सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, मुंबईत पडलेल्या पावसाने मुंबईचे तलाव भरत नाहीत. विहार आणि तुळशी तेवढे अपवाद. गुडघाभर पाण्यातून चालत घरी यावे आणि इमारतीच्या फलकावर पाणीकपातीची सूचना लावावी, हे मी स्वतः केले आहे. पाऊस शहापूर-इगतपुरीच्या डोंगरात पडला तरच आमच्या उपयोगाचा. शहरात पडलेला पाऊस आम्ही शक्य तितक्या लवकर समुद्रात ढकलतो, आणि तेथेही समुद्राची परवानगी लागते. जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटी असताना, आखलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहरातले हे दोन आकडे आहेत. विहार आणि पवई हे तलाव ओसंडले की त्यांचे पाणी मिठी नदीला मिळते, आणि मिठी तोवर भराव, बांधकामे आणि कचरा यांनी आवळली गेलेली होती. त्या रात्री मी कुर्ल्याच्या पुलावर अडकलो होतो. खाली नदी आहे, हे मला त्या रात्री प्रथमच जाणवले. एरवी मी तिला नाला म्हणत असे.

त्यानंतर वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम वेगाने हाती घेतले गेले. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी उदंचन केंद्रे उभी राहिली, म्हणजे भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून पाणी पंपाने समुद्रात फेकायचे. दरवर्षी तुंबणाऱ्या, दादरजवळच्या हिंदमाता या सखल भागासाठी जवळच्या मैदानांखाली साठवण टाक्या बांधल्या गेल्या आणि त्यांनी खरोखर फरक पडला, असे त्या भागातले माझे नातेवाईक सांगतात. रडार आणि पूर-इशारा प्रणाली यांमुळे आज आपल्याला काही तास आधी कळते. हे सर्व मी उपयुक्त मानतो. तरीही साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की शहर भरती ओसरण्याची वाट पाहते. आमच्या आजीच्या कोळी शेजारणीला पंचांग न पाहता तिथीवरून जे सांगता येई, ते आता मोबाइलवर लाल चौकटीत येते.

आपल्या प्रश्नात एक गृहीत असे दिसते की पुढे तरी हे अवलंबित्व संपेल. पुढचे दोन पर्याय आमच्यासमोर आहेत. एक म्हणजे गारगाई नदीवरचे धरण: रोज ४४० दशलक्ष लिटर पाणी, आणि त्यासाठी तानसा अभयारण्याच्या परिसरातील जंगल व लाखो झाडे पाण्याखाली जाणार. दुसरा म्हणजे मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प, आरंभी रोज २०० दशलक्ष लिटरचा. हे पाणी पावसावर अवलंबून नाही, हे खरे. परंतु त्याला सतत वीज लागते आणि उरलेले अतिखारट पाणी पुन्हा समुद्रातच सोडावे लागते, जेथे कोळी बांधव जाळी टाकतात. मला विचाराल तर मी मनोरीच्या बाजूने आहे, कारण बुडालेले जंगल परत उगवत नाही. मात्र त्याआधी जलवाहिन्यांची गळती रोखणे आणि वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे ही कंटाळवाणी कामे व्हावीत, असे माझे मत आहे. या कामांचे उद्घाटन करता येत नाही, ही त्यांची मुख्य अडचण.

आमच्या इमारतीपुरते सांगायचे तर, गच्चीवरचे पावसाचे पाणी कूपनलिकेत सोडण्याचा प्रस्ताव मी सभेपुढे दोनदा मांडला आणि दोनदा तो खर्चाच्या मुद्द्यावर पडला. मोटार जळल्यानंतर तिसऱ्यांदा मांडला, तेव्हा मंजूर झाला. ते पाणी आता संडासाच्या टाक्यांना आणि जिना धुण्यासाठी वापरले जाते. सेन्सर आम्ही ठेवले आहेत, पण दर सोमवारी ते साफ केले जातात, आणि रात्री पंप चालू करण्याआधी मामा नळाला कान लावतात. त्यांचा अंदाज मी वहीत लिहून ठेवतो आणि शेजारच्या रकान्यात मोबाइलवरचा आकडा.