सत्ताधाऱ्यांची मतं मधल्या निवडणुकीत जातात कुठे?

वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत या वेळी एकच विषय वेगवेगळ्या तोंडांनी विचारला आहे: थाटात निवडून आलेलं सरकार दोन-अडीच वर्षांत लोकांच्या मनातून का उतरतं? सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: राज्यसेवेच्या अभ्यासात अमेरिकेच्या ‘मिडटर्म’ निवडणुकीचा उल्लेख येतो. वर्तमानपत्रं तिला ‘मध्यावधी’ म्हणतात. आपल्याकडची 1980 ची निवडणूकही मध्यावधीच होती. मग दोन्ही एकच का? (जुळे सोलापूर)

शब्द एक, वस्तू दोन. आपल्याकडे मुदत संपायच्या आत लोकसभा विसर्जित झाली की होते ती मध्यावधी. 1971, 1980, 1991, 1998 आणि 1999 या सालांच्या निवडणुका तशा होत्या. तिथे सरकारच पणाला लागतं, आणि कधीकधी वेळही सरकारच निवडतं. 1971 मध्ये मुदतीला साधारण वर्ष बाकी असताना इंदिरा गांधींनी लोकसभा विसर्जित करवली आणि 352 जागा घेऊन परत आल्या.

अमेरिकेत तारीख कायद्यानेच ठरलेली. दर सम वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर जी येते ती मिडटर्म. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या 435 जागा, कारण त्यांची मुदतच दोन वर्षांची, आणि सिनेटच्या 100 पैकी साधारण एक तृतीयांश. अध्यक्षाची खुर्ची मात्र जागची हलत नाही. खरी मेख इथेच आहे. सरकार पडणार नाही हे माहीत असलेला मतदार हात सैल सोडून मत देतो.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अध्यक्षाच्या पक्षाने प्रतिनिधिगृहात 1994 ला 54, 2010 ला 63 आणि 2018 ला 40 जागा गमावल्या. गेल्या शंभर वर्षांत जागा वाढल्याची उदाहरणं तीनच: 1934, 1998, 2002.

आपल्याकडे या प्रकाराच्या जवळ जातात त्या पोटनिवडणुका, महापालिका-झेडपीच्या निवडणुका, आणि राज्य सरकारच्या दृष्टीने पाहिलं तर लोकसभा. परीक्षेत उत्तर लिहिताना ‘मध्यावधी’ कोणत्या अर्थाने वापरताय ते पहिल्याच ओळीत सांगून टाका.

प्रश्न: सत्ताधारी पक्षाला मत देणारी माणसं दोन वर्षांत विरोधकांकडे जातात, असं सरसकट बोललं जातं. एवढी माणसं खरंच पक्ष बदलतात? (बाळीवेस)

बदलतात, पण वाटतं तेवढी नाही. बरीच मतं घरी बसतात. एका बूथचा हिशोब मांडून पाहा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

बूथवर 1000 मतदार. पहिल्या निवडणुकीत 650 जणांनी मतदान केलं: सत्तेवर येणाऱ्या पक्षाला 350, विरोधकाला 260, बाकीच्यांना 40. दोन वर्षांनी पोटनिवडणूक लागली. मतदान 480: सत्ताधाऱ्याला 220, विरोधकाला 230, इतरांना 30. दुसऱ्या दिवशी बातमी येणार की सत्ताधाऱ्यांची मतं 54 टक्क्यांवरून 46 वर घसरली, विरोधकांची 40 वरून 48 वर चढली, म्हणजे वारं फिरलं. आता टक्के बाजूला ठेवून नुसती मतं बघा. विरोधकाचीही 30 मतं कमीच झाली आहेत. सत्ताधाऱ्याची झाली 130. विरोधकाने एकही नवं मत मिळवलं नसेल तरी तो 10 मतांनी पुढे आहे.

मोठ्या निवडणुकीत वातावरण तापलेलं असतं. एरवी राजकारणाशी फारसं देणंघेणं नसलेला माणूसही केंद्रावर जातो, आणि तो बहुधा ज्याची हवा आहे त्यालाच मत देऊन येतो. मधल्या निवडणुकीत हा हवेवरचा मतदार येत नाही. उरतात ते दोन्हीकडचे पक्के. अमेरिकेत 2012 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी 58 टक्क्यांहून जास्त लोकांनी मतदान केलं, 2014 च्या मिडटर्मला 37 टक्केही नाही. गळालेल्यांत अध्यक्षाचे हौशी समर्थक जास्त होते.

एवढ्यावर थांबलो तर मात्र 2018 चं कोडं सुटत नाही. त्या वर्षी मिडटर्मला मतदान जवळपास 50 टक्क्यांवर गेलं, शतकातलं सर्वाधिक, तरी सत्ताधाऱ्यांच्या 40 जागा गेल्याच. कारण चिडलेला माणूस रांगेत उभा राहतो, समाधानी माणूस ‘आपलं सरकार आहेच की’ म्हणून सुटीचा दिवस घरी काढतो. मतदान कमी झालं तर खुशालचेंडू समर्थक नडतो, जास्त झालं तर रागावलेला विरोधक. सत्ताधाऱ्याला दोन्हीकडून मार.

प्रश्न: पण सरकारने चांगलं कामही केलेलं असतं. त्याची मतं का मिळत नाहीत? (मोहोळ)

कारण फायदा पसरतो आणि तोटा एका जागी साचतो. मोहोळहून पत्र आलंय, तर कांद्याचंच घेऊ.

8 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने कांदा निर्यातीवर बंदी घातली. शहरातल्या गिऱ्हाइकाचे किलोमागे काही रुपये वाचले. ते त्याच्या ध्यानातही राहिले नाहीत. सोलापूरच्या बाजार समितीत मात्र डिसेंबर-जानेवारी हा आवकेचा भर. खरिपाचा आणि रांगडा कांदा तेव्हाच गाड्या भरून येतो आणि तो चाळीत महिनोन्‌महिने टिकणारा नसतो. आलेल्या दिवशी मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो. विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात पडली तो दिवस शेतकरी विसरत नाही. पुढे मे 2024 च्या पहिल्या आठवड्यात बंदी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्काची अट घालून. सोलापूर आणि माढ्याचं लोकसभेचं मतदान 7 मे ला होतं. नाशिककडच्या उन्हाळी कांद्याला त्या निर्णयाचा थोडाफार उपयोग होता. इथला माल केव्हाच विकून झाला होता. सोलापूर आणि माढा या दोन्ही जागा भाजपने गमावल्या. केवळ कांद्याने गमावल्या असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे, पण उशिरा केलेली दुरुस्ती मतपेटीत का पोचत नाही, ते यातून कळतं.

असे निर्णय दर दोन-चार महिन्यांनी होतात. एकात शेतकरी दुखावतो, दुसऱ्यात यंत्रमागवाला, तिसऱ्यात कंत्राटी कर्मचारी, चौथ्यात आरक्षणाची वाट पाहणारा. प्रत्येक गट छोटा, पण नाराजांची बेरीज होत जाते आणि खूश झालेल्यांची होत नाही. सरकारचं वय हेच त्याचं ओझं.

प्रश्न: 2021 च्या पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीत राज्यात महाविकास आघाडीचं सरकार असूनही जागा गेली. ती सरकारवरची नाराजीच ना? (मंगळवेढा)

कट्ट्यावरचं उत्तर ‘हो’ आहे. आकडे वेगळं सांगतात.

2019 ला राष्ट्रवादीचे भारत भालके सुमारे 89 हजार 800 मतं घेऊन निवडून आले. भाजपचे सुधाकरपंत परिचारक 76 हजार 400 वर दुसरे, अपक्ष समाधान आवताडे 54 हजार 100 वर तिसरे. भालके यांच्या निधनानंतर एप्रिल 2021 मध्ये मतदान झालं. भाजपने उमेदवारी आवताडेंना दिली आणि परिचारक गट त्यांच्यामागे उभा राहिला. आवताडेंना सुमारे 1 लाख 9 हजार 400, राष्ट्रवादीकडून उभे राहिलेले भालके यांचे पुत्र भगीरथ यांना 1 लाख 5 हजार 700. फरक 3,700 च्या आसपास.

म्हणजे सत्ताधारी पक्षाची मतं घटली नाहीत, जवळपास 16 हजारांनी वाढली, आणि तरीही जागा गेली. उलट परिचारक आणि आवताडे यांची 2019 ची मतं एकत्र केली तर 1 लाख 30 हजारांवर जातात. त्यातली 21 हजारांहून जास्त या वेळी जमली नाहीत. दोन गट एकत्र आले तरी सगळं गणगोत मागे येत नाही, हे तालुक्याच्या राजकारणात मुरलेल्याला सांगायला नको. वीजबिलं, टाळेबंदी याविषयीचा राग होताच. निकाल मात्र फिरला तो तिरंगी लढत सरळ झाल्यामुळे. आमच्या मते या निवडणुकीला ‘सरकारविरोधी कौल’ म्हणणं हे आळशी वाचन आहे.

हेच पुण्यात दिसलं. 26 फेब्रुवारी 2023 रोजी कसबा आणि चिंचवड इथे एकाच दिवशी मतदान, दोन्हीकडे सरकार तेच (तोवर भाजप-शिंदे गटाचं), महागाई तीच. कसब्यात सरळ लढत होती, तिथे काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी भाजपचा जुना गड सुमारे 11 हजारांनी घेतला. चिंचवडला विरोधी बाजूच्या बंडखोराने 44 हजारांच्या आसपास मतं खाल्ली आणि भाजपच्या अश्विनी जगताप 36 हजारांनी निवडून आल्या.

प्रश्न: मग मधल्या निवडणुकीतला पराभव पुढच्या पराभवाची नांदी असते का? (विजापूर रोड)

फारशी नाही. 1994 ला आपटी खाल्लेल्या पक्षाचे क्लिंटन 1996 ला पुन्हा निवडून आले. 2010 नंतर 2012 ला ओबामाही आले.

सोलापूरचंच बघा. जून 2024 मध्ये काँग्रेसच्या प्रणिती शिंदे लोकसभेला सुमारे 74 हजारांच्या फरकाने जिंकल्या. पाच महिन्यांनी विधानसभेला याच मतदारसंघातल्या सहापैकी पाच जागा भाजपकडे गेल्या, फक्त मोहोळ राहिला. दरम्यान लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये खात्यात पडू लागले होते, आणि राज्यातलं मतदान 61 टक्क्यांवरून 66 च्या आसपास गेलं. शिवाय लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं. जागा तेवढ्या महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17 अशा पडल्या. मतं जवळपास सारखी आणि जागांत दुपटीच्या जवळ फरक, हा आपल्या पद्धतीचा गुण. त्यामुळे ‘जनतेने नाकारलं’ हे वाक्य वापरण्याआधी मतांचा आकडा बघावा.

प्रश्न: सत्ताधारी पक्ष मध्येच वाढतो, असं केव्हा घडतं? (बार्शी)

राग दुसरीकडे वळला तर. 1998 ला क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग विरोधकांनी ताणला आणि लोक त्यांच्यावरच चिडले. 2002 ला 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचं वातावरण होतं. 2022 ला बायडन यांच्या पक्षाच्या 9 जागाच गेल्या, कारण त्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला होता. दुसरं कारण साधं आहे: आधीच कमी जागा असतील तर हरायलाही कमीच असतात. 2010 ला 63 गेल्या, कारण 2006 आणि 2008 च्या लाटेत विरोधकांच्या बालेकिल्ल्यातल्या बऱ्याच जागा हाती आल्या होत्या. उधारीच्या जागा आधी जातात.

आपल्याकडे राज्यातला सत्ताधारी पक्ष पोटनिवडणूक बऱ्याचदा जिंकतो. आमदार सत्तेतला असला तर निधी येतो, हा व्यवहार मतदाराला पाठ असतो.

प्रश्न: आमच्या भागात खरंच काय झालं, हे आम्ही स्वतः कसं तपासायचं? (साखर पेठ)

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ‘नमुना 20’ मिळतो. विधानसभा-लोकसभेचा बूथनिहाय निकाल त्यात असतो. तुलना विधानसभेची विधानसभेशीच करा. दोन्ही वर्षांचे कागद उतरवून घेतलेत की बूथ क्रमांकावर विसंबू नका. क्रमांक बदलतात, त्यामुळे शाळा आणि खोलीवरून जुळवा. मतदार वाढल्याने एका बूथचे दोन झाले असतील तर त्यांची बेरीज करूनच जुन्याशी ताडा. बूथवर एकूण मतदार किती, हे नमुना 20 मध्ये मिळत नाही. ते त्या भागाच्या मतदार यादीच्या शेवटच्या गोषवाऱ्यातून घ्या. टपाली मतं वेगळ्या ओळीत असतात, ती बूथमध्ये मिसळू नका. मग तीन रकाने करा: एकूण मतदार, झालेलं मतदान, पक्षाची मतं. दोन वर्षांतला फरक मतांत काढा, टक्क्यांत नंतर. आणि वजाबाकीवरून अमक्या गल्लीने पक्ष बदलला असं ठरवू नका. 130 मतं कमी झाली एवढंच कागद सांगतो, कुणाची झाली ते सांगत नाही.

महापालिकेचा निकाल यात घालायचा मोह होईल, तो आवरा. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, प्रभागांच्या हद्दी वेगळ्या. 2017 ला सोलापुरात 102 पैकी 49 जागा भाजपला मिळाल्या, त्या बहुसदस्यीय प्रभागांतून. बहुतेक प्रभागांत एका मतदाराला चार मतं होती. चारही उमेदवारांची बेरीज करून ती विधानसभेच्या मतांशेजारी ठेवली तर पक्ष चौपट वाढल्यासारखा दिसतो. तुलना करायचीच झाली तर चारातल्या सर्वांत जास्त मतं घेणाऱ्या उमेदवाराचा आकडा घ्या.